हत्यारपालट

ॲल्युमिनियमची तळहाताएवढी एक पट्टी घ्यावी. तिचा वरचा पृष्ठभाग सपाट करावयाचा, चार कोपऱ्यांत चार भोकें पाडावयाचीं, त्यांत आटे काढावयाचे आणि शेवटीं भोकांच्या तोंडाच्या तीक्ष्ण धारा मोडावयाच्या, एवढेंच काम. पण एवढ्या साध्या कामासहि पांच निरनिराळीं हत्यारें लागतात : रुंद कटर, भोकाची जागा नेमकी टोंचणारें आंखूड ड्रिल, मग खरें ड्रिल, त्यानंतर आटे पाडणारा टॅप आणि अखेरीस धार मोडणारें टोंकदार कटर. संगणकाच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र, ज्यास आतां सर्वत्र सी.एन.सी. असें म्हणतात तें, यांतील प्रत्येक काम सामान्य हातापेक्षां अधिक नेटकें करतें. हौशी माणसाच्या घरच्या यंत्राची मात्र एक अडचण असते. एक हत्यार संपलें कीं तें थांबतें आणि दुसऱ्याची वाट पाहत उभें राहतें. मग यजमानांनीं उठावें, पाना घ्यावा, जुनें हत्यार सोडवावें, नवें बसवावें, त्याची लांबी मापावी आणि पुन्हां कळ दाबावी. पुढच्या तुकड्यासाठीं परत पहिलें हत्यार हवेंच. म्हणजे दर तुकड्यास पांच पालट झाले. वीस तुकडे करावयाचे म्हटले तर जवळ जवळ शंभर वेळां हा प्रपंच करावा लागतो.

भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या कारखान्यांत गेलेल्या माणसाला हें ऐकून नवल वाटेल. तेथील व्ही.एम.सी. नांवाचीं मोठीं यंत्रें कांहीं सेकंदांत आपलें हत्यार आपण बदलतात आणि कामगार तिकडे पाहतहि नाहीं. मग तीच सोय घरच्या छोट्या यंत्राला स्वतःच्या हातांनीं कां करूं नये? जगांतील पुष्कळ हौशी मंडळींनीं हा उद्योग केला आहे व कित्येकांनीं तो तडीसहि नेला आहे. त्यांच्या अनुभवाचें सार असें कीं, हत्यार काढणें आणि घालणें हा या प्रश्नाचा सोपा भाग होय. तें खरोखर निघालें कीं नाहीं, खरोखर बसलें कीं नाहीं, याची यंत्राला खात्री पटविणें हाच खरा कठीण भाग. कारण यंत्र आंधळें असतें.

प्रथम हत्यार यंत्रांत कसें धरलेलें असतें तें पाहूं. यंत्राच्या डोक्यांत उभा फिरणारा जाड पोकळ दांडा असतो. त्यास स्पिंडल म्हणतात. स्पिंडलचें खालचें तोंड आंतून निमुळतें असतें. अमेरिकेंतील ब्रिजपोर्ट गांवच्या प्रसिद्ध मिलिंग यंत्रांमुळें या निमुळतेपणाचा एक प्रकार जगभर रूढ झाला. त्याचें नांव आर-८. त्याचा पूर्ण कोन सुमारें १७ अंशांचा असतो. या तोंडांत कॉलेट नांवाची चिरा दिलेली नळी बसते व त्या नळींत हत्याराचा दांडा शिरतो. वरून एक लांब दांडा, ज्यास ड्रॉबार म्हणतात, आट्यांच्या साह्यानें कॉलेटला वर ओढतो. कॉलेट निमुळत्या भागांत जसजशी वर चढते, तसतशा तिच्या चिरा मिटतात आणि हत्यार आवळलें जातें. पेन्सिलच्या शिसाला धरणारी यांत्रिक पेन्सिलची चिमटी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल.

हातानें हत्यार बदलणारा माणूस वरचा नट पान्यानें सैल करतो आणि दांड्याच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला देतो, म्हणजे कॉलेट सुटते. पण त्यानें घातलेलें नवें हत्यार प्रत्येक वेळीं निराळ्या उंचीवर बसतें. यंत्राला तर हत्याराचें टोंक नेमकें कोठें आहे हें कळलेंच पाहिजे; नाहीं तर भोक कमी खोल पडेल किंवा कटर थेट खालच्या शेगड्यांत घुसेल. म्हणून दर वेळीं लांबी मापावी लागते. यंत्रानें हत्यार आपोआप बदलावें अशी इच्छा असेल तर ही अडचण आधीं दूर झाली पाहिजे.

ती दूर करण्याचा मार्ग असा. प्रत्येक हत्यार एका स्वतंत्र धारकांत कायमचें बसवून टाकावयाचें. विस्कॉन्सिन प्रांतांतील टॉरमॅक या छोटीं यंत्रें करणाऱ्या कंपनीनें रूढ केलेल्या पद्धतींत या धारकाचा दांडा पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, जाडीचा व अगदीं सरळ असतो, आणि त्याच्या खालीं एक रुंद कडें असतें. कॉलेट वर ओढली गेली कीं हें कडें स्पिंडलच्या सपाट तोंडाला जाऊन भिडतें व तेथेंच थांबतें. त्यामुळें धारक शंभर वेळां काढून घातला तरी तो त्याच उंचीवर बसतो. हत्याराची लांबी एकदांच मापून संगणकाच्या तक्त्यांत नोंदविली कीं पुरे. दांडा गुळगुळीत गोल असल्यामुळें स्पिंडल अमुक कोनांतच थांबावा असेंहि बंधन नाहीं. मोठ्या यंत्रांतील धारकांना खांचा असतात व त्यामुळें स्पिंडलला नेमक्या दिशेनें उभें करावें लागतें. घरगुती कारागिराचें एक मोठें संकट येथें टळतें. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. गुळगुळीत दांडा केवळ घर्षणावर धरलेला असल्यामुळें भारी काप घेतांना तो हळूहळू खालीं सरकण्याचा संभव असतो.

हत्यार आपण होऊन बदलणाऱ्या यंत्राचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. आंकड्यांच्या आज्ञेवर चालणारें पहिलें मिलिंग यंत्र १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत लोकांना दाखविण्यांत आलें. भोकें पाडलेल्या कागदी फितीवरून तें आज्ञा घेत असे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९५८ च्या सुमारास, मिल्वॉकी येथील केर्नी अँड ट्रेकर कंपनीनें मिल्वॉकी-मॅटिक नांवाचें यंत्र काढलें. तें आपलें हत्यार आपणच उचलून बसवीत असे. त्याचें श्रेय वॉलेस ब्रेनार्ड या यंत्रज्ञाला देतात. मिल्वॉकीहि विस्कॉन्सिनमध्यें आहे. म्हणजे कारखान्याची ही सोय आणि पुढें हौशी माणसाच्या हातीं आलेली तिची धाकटी बहीण या एकाच प्रांतांत जन्मल्या हा योगायोग मौजेचा खरा.

आतां घरच्या रचनेकडे वळूं. पहिला प्रश्न ड्रॉबार ओढून धरण्याचा. नट आणि पाना यांची जागा येथें स्प्रिंगांनीं घ्यावयाची असते. साधी वेटोळ्याची स्प्रिंग या कामीं दुबळी पडते. त्यासाठीं उथळ बशीच्या आकाराचे पोलादी वॉशर वापरतात. फ्रान्समधील ज्युलियन बेलव्हिल यांनीं १८६७ सालीं त्यांचें पेटंट घेतलें, म्हणून त्यांस बेलव्हिल वॉशर म्हणतात. त्यांची गंमत रचण्यांत आहे. बशींत बशी ठेवावी तसे एकावर एक रचले तर जोर वाढतो. तोंडाला तोंड लावून उलटसुलट रचले तर दबण्याचें अंतर वाढतें. समजा, एक वॉशर ५०० किलोच्या भारानें अर्धा मिलिमीटर दबतो. दोन-दोनांच्या जोड्या केल्या तर अर्ध्या मिलिमीटरला १,००० किलो लागतील. अशा सहा जोड्या उलटसुलट रचल्या तर त्याच १,००० किलोंनीं रास ३ मिलिमीटर दबेल. बारा वॉशरांची ही मूठभर चळत सुमारें एक टनाच्या ताकदीनें हत्यार धरून ठेवते.

हत्यार सोडावयाचें तर ही रास आणखी थोडी दाबून ड्रॉबार खालीं ढकलावा लागतो. किती? आर-८ चा कोन ध्यानांत घेतला तर कॉलेट एक मिलिमीटर खालीं सरकतांच तिचें तोंड सुमारें तीन दशांश मिलिमीटरनें सैल होऊं शकतें. धारक निसटण्यास एवढें पुष्कळ झालें. पण त्या एका मिलिमीटरसाठीं भार १,००० वरून सुमारें १,३३० किलोंवर जातो. हा जोर कोठून आणावयाचा? बहुतेक जण दाबलेल्या हवेचा आश्रय घेतात. कॉम्प्रेसरची हवा दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या दाबाची असली आणि दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असला तर दट्ट्याचें क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरतें व जोर मिळतो सुमारें ४७० किलो. म्हणजे एका दट्ट्यानें भागत नाहीं. तीन दट्टे एकाच दांड्यावर एकाखालीं एक बसविले तर जोर १,४०० किलोंपर्यंत जातो. तेवढ्यानें काम निभतें, पण जेमतेमच. हवेचा दाब थोडा घसरला तरी हत्यार अडून बसेल, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे. कित्येक जण एकच दट्टा आणि तरफ यांवर भागवितात.

येथें एक धोका असा आहे कीं, नवशिक्याच्या तो लक्षांतच येत नाहीं. सिलिंडर यंत्राच्या डोक्यावर घट्ट बसविला आणि त्यानें ड्रॉबारवर सव्वा टनाचा दाब दिला तर तो सर्व दाब स्पिंडलच्या बेअरिंगांतून जातो. तीं बेअरिंगें नाजूक गोळ्यांचीं असतात. दिवसांतून पन्नास वेळां असा आघात सोसून तीं थोड्याच काळांत कुरकुरूं लागतात व यंत्राची अचूकता कायमची जाते. सुज्ञ रचना अशी कीं, सिलिंडर घट्ट न बसवितां हलक्या स्प्रिंगांवर अधांतरीं ठेवावयाचा आणि त्याच्या चौकटीला खालीं दोन आंकडे ठेवावयाचे. हवा भरतांच आंकडे स्पिंडलवरच्या एका कड्याला खालून धरतात आणि दट्टा वरून ड्रॉबार दाबतो. अडकित्त्यांत सुपारी दोहों बाजूंनीं दाबली जावी तसा जोर आंतल्या आंत फिटतो. बेअरिंगांना त्याची वार्ताहि लागत नाहीं. घरगुती हत्यारपालटांत चांगला कोणता व वाईट कोणता हें ओळखावयाचें असेल तर प्रथम या ठिकाणीं पाहावें.

दुसरा भाग हत्यारांच्या चाकाचा. त्याचा आकार उघडलेल्या छत्रीसारखा असतो व तिच्या कडेला चिमटे असतात. प्रत्येक चिमटा एका धारकाला त्याच्या खांचेंत धरतो. पालटाच्या वेळीं स्पिंडल ठराविक उंचीवर जातो, चाक आडवें सरकून रिकामा चिमटा जुन्या धारकाला लावतें, ड्रॉबार सुटतो, डोकें वर जातें, चाक फिरून नवा धारक खालीं आणून उभा करतें, डोकें खालीं येतें, स्प्रिंगा धारक आवळतात आणि चाक मागें सरकतें. चाक नेमकें फिरविण्यासाठीं कोणी जिनिव्हा चाक वापरतात. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्यें फिल्म एक-एक चित्र पुढें ओढून क्षणभर स्थिर धरणारी जी फुलीसारखी चकती असते तिचाच हा प्रकार. सहा खांचांचें चाक असेल तर दर फेऱ्याला तें बरोबर ६० अंश सरकतें व मधल्या काळांत आपोआप कुलूपबंद राहतें. दुसरे कित्येक जण स्टेपर मोटर घेतात. ती एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशाचें. चिमटा मध्यापासून १५० मिलिमीटरवर असला तर एका पावलांत तो ४.७ मिलिमीटर सरकेल, आणि हें फारच झालें. मध्यें दहास एक या प्रमाणांत दांतेरी चाकें घातलीं तर पाऊल अर्ध्या मिलिमीटरहून लहान होतें. राहिलेली चूक खांचेंत बसणारी खुंटी सांवरून घेते. एकंदरींत हें काम सुतार-लोहारकामाची हौस असणाऱ्याला जड जाऊं नये. चाक, चिमटे, झडपा हें सारें डोळ्यांना दिसतें, म्हणून त्यांत माणूस रमतोहि. सुट्ट्यांच्या कांहीं दिवसांत तें फिरूं लागतें आणि घरच्या मंडळींना बोलावून दाखवितांहि येतें.

खऱ्या कामाला यानंतर आरंभ होतो. संगणकानें आज्ञा दिली कीं ‘ड्रॉबार सोड’. झडप उघडली. आतां ड्रॉबार सुटला असें समजावयाचें काय? नवशिका दोन सेकंद थांबतो आणि सुटला असें गृहीत धरतो. बहुतेक वेळां तो सुटलेलाच असतो. पण एखाद्या दिवशीं कॉम्प्रेसर नुकताच सुरू झालेला असतो, दाब सहाऐवजीं साडेचार असतो, आणि वर सांगितलेला जेमतेम हिशेब येथें आडवा येतो. धारक सुटत नाहीं. डोकें मात्र वर उचललें जातें. चिमट्यानें धारक धरलेला, धारक स्पिंडलनें धरलेला, अशा स्थितींत दुबळें असेल तें मोडतें. तें बहुधा चाक असतें. याच्या उलट प्रकार अधिक भयंकर आहे. धारक पुरता आवळला गेला नाहीं आणि स्पिंडल फिरूं लागला तर काय होईल? ५० मिलिमीटर व्यासाचें कटर मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याची धार ताशीं जवळ जवळ ३८ किलोमीटर वेगानें धांवत असते. तें सैल सुटून खोलींत कोठें जाईल हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. आणि घरच्या यंत्रशाळेंत शेजारीं मुलेंहि उभीं असतात.

म्हणून अनुभवी कारागीर प्रत्येक आज्ञेमागें एक पुरावा ठेवतो. धातु जवळ येतांच संकेत देणारे लहान सेन्सर मिळतात. एक ड्रॉबार वर असतांना व दुसरा तो खालीं असतांना खूण देतो. दोन्ही एकदम बोलले किंवा दोन्ही गप्प राहिले तर कांहीं तरी बिघडलें असें समजून यंत्रानें थांबावें. चाक आंत आहे कीं बाहेर यासाठीं आणखी दोन. कोणता चिमटा समोर आहे यासाठीं एक. हवेचा दाब पुरेसा आहे कीं नाहीं यासाठीं एक कळ. आणि स्पिंडल खरोखर थांबला आहे ही खूण तर अगत्याची. ही शेवटची खूण केवळ आज्ञावलीवर सोंपवूं नये, हें आग्रहानें सांगितलें पाहिजे. झडपेची वीजच अशा जोडणींतून न्यावी कीं, स्पिंडल फिरत असेतों ती झडपेपर्यंत पोंचणारच नाहीं. आज्ञावलींत चूक राहूं शकते. तुटलेल्या तारेंतून वीज जाऊं शकत नाहीं.

एवढें करूनहि एक गोष्ट उरते. सर्व सेन्सर ठीक बोलले, पण चिमट्यांत ड्रिलच नव्हतें, किंवा होतें तें मागच्याच कामांत मोडलें होतें, तर? यास उत्तर म्हणून टेबलाच्या कोपऱ्यावर एक दाबकळ बसवितात. नवें हत्यार घेतल्यावर यंत्र त्या कळीवर हळूच टेकतें आणि मिळालेली लांबी तक्त्यांतील लांबीशीं ताडून पाहतें. फरक ठराविक मर्यादेपेक्षां अधिक आढळला तर काम पुढें जात नाहीं. यांत दहा-बारा सेकंद जातात. घाईचे लोक ही पायरी गाळतात. सकाळीं मोडलेल्या ड्रिलानें दुपारपर्यंत हवेंत भोकें पाडलेलीं आणि मागून आलेला टॅप भोक नसलेल्या धातूवर आपटून तुटलेला, हें त्या घाईचें नेहमींचें फळ.

हे सर्व पुरावे पारखण्याचें काम संगणकावरील आज्ञावली करते. हौशी मंडळींत लिनक्स-सी.एन.सी. नांवाची मोफत आज्ञावली फार लोकप्रिय आहे. तिचें मूळ अमेरिकन सरकारच्या मापनसंस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या कामांत आहे. पुढें स्वयंसेवकांनीं ती वाढविली. कामाच्या यादींत ‘टी३ एम६’ अशी आज्ञा आली कीं त्याचा अर्थ ‘तिसरें हत्यार घे’. कारागिराला या एका आज्ञेच्या पोटांत आपल्या पायऱ्या स्वतः लिहितां येतात : हें कर, त्याची खूण येईपर्यंत थांब, ठराविक वेळांत खूण आली नाहीं तर सर्व कांहीं आहे तेथें उभें कर. ‘आहे तेथें उभें कर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गोंधळलेल्या यंत्रानें आपण होऊन मागें परतण्याचा प्रयत्न करूं नये. सोडवणूक माणसानें डोळ्यांनीं पाहून करावी.

धातूच्या किसाचा उपद्रवहि कमी नाहीं. समजा, धारकाचें कडें ४० मिलिमीटर रुंद आहे आणि त्याच्या एका बाजूखालीं ०.०५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण केसाएवढा, कीस अडकला. धारक किंचित् कलतो. ८० मिलिमीटर खालीं असलेलें हत्याराचें टोंक त्यामुळें अक्षापासून ०.१ मिलिमीटर ढळतें. फिरतांना हेंच दुप्पट दिसतें. भोक मोठें पडतें आणि बारीक ड्रिल मोडतें. यावर उपाय साधा आहे : धारक सुटतांच ड्रॉबारच्या पोकळींतून हवेचा झोत सोडावयाचा, म्हणजे तोंड स्वच्छ होतें. चाकावरहि पत्र्याचें झांकण हवें.

राहतां राहिला विजेचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाहीं. पालट चालू असतांना वीज गेली तर? येथें स्प्रिंगांची रचना उपकारक ठरते. हत्यार धरतात स्प्रिंगा व सोडते हवा. म्हणून वीज व हवा दोन्ही गेलीं तरी धरलेलें हत्यार धरलेलेंच राहतें. आगगाडीचे डबे सुटे होऊन ब्रेकची नळी तुटली कीं ब्रेक आपोआप लागतात, त्याच धर्तीचें हें संरक्षण होय. उलट रचना, म्हणजे हवेनें धरणें व स्प्रिंगेनें सोडणें, करावयास सोपी आहे, पण ती मुळींच करूं नये. मात्र वीज परत आल्यावर यंत्राला आपल्या तोंडांत कोणतें हत्यार आहे याची आठवण राहीलच असा भरवसा नाहीं. अशा वेळीं त्यानें अंदाज न बांधतां पडद्यावर तसा प्रश्न विचारून चालकाच्या उत्तराची वाट पाहावी, हें उत्तम.

यंत्र पुरें झाल्यावर लगेच खरीं कटरें लावूं नयेत. धारकांत लांकडाच्या गोल कांड्या बसवाव्या, सर्व हालचाली चतुर्थांश वेगानें ठेवाव्या आणि शंभर-दोनशें पालट सतत करून पाहावे. मधूनच मुद्दाम हवेची तोटी बंद करावी, एखाद्या सेन्सरची तार काढावी, एक चिमटा रिकामा ठेवावा आणि यंत्र थांबतें कीं नाहीं तें पाहावें. जें थांबलें नाहीं तें तयार झालें नाहीं. लांकडी कांडी मोडली तर दोन रुपयांचें नुकसान. तीच चूक नंतर निघाली तर स्पिंडल बदलावा लागेल.

शेवटीं, ज्यांच्या घरीं असें यंत्र उत्तम चालतें त्यांच्या भिंतीवरहि जुना पाना खिळ्याला लटकलेला दिसतो. पृष्ठभाग सपाट करणारें सर्वांत रुंद कटर शेजारच्या चिमट्यांतील हत्यारांना घासतें, म्हणून तें चाकावर बसत नाहीं. त्यासाठीं तक्त्यांत एक निराळा क्रमांक राखून ठेवलेला असतो. तो क्रमांक आला कीं यंत्र चाकाकडे वळत नाहीं. स्पिंडल थांबवून, डोकें वर नेऊन, चालक येईपर्यंत स्वस्थ उभें राहतें.